तेलही गेलं, क्लचही गेला

इंजिन ऑइलबद्दल ठाम मत नसलेला पुरुष मला अजून भेटायचा आहे. राजकारणाचा विषय निघाला की ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा’ म्हणून अंग काढून घेणारी माणसं आमच्या सोसायटीत आहेत. पण पार्किंगमध्ये कोणी गाडीशेजारी उकिडवा बसलेला दिसला की तीच माणसं हातात चहाचा कप घेऊन खाली उतरतात. एक म्हणतो, तेल घट्टच हवं. दुसरा म्हणतो, घट्ट तेलाने गाडी ओढत नाही, पातळच घाला. तिसरा वर्षानुवर्षं एकच तेल वापरतोय आणि कुठलं ते विचारलं, तर म्हणतो, ‘तो लाल डबा असतो बघा.’ चौथा मी. माझी मतं या तिघांच्या मतांच्या बेरजेपेक्षा जास्त आहेत आणि ती सगळी मी एकाच मोटरसायकलवर आळीपाळीने वापरून पाहिली आहेत.

ही मोटरसायकल म्हणजे वडिलांनी घेतलेली शंभर सीसीची हीरो होंडा. वडिलांनी तिचे कधी लाड केले नाहीत. किलोमीटर भरले की कोपऱ्यावरच्या गॅरेजात न्यायची, मिस्त्री काळं तेल काढून नवं भरणार, वडील बाकड्यावर पेपर वाचणार, पैसे देऊन परत. ऑइलवर मी त्यांना चकार शब्द बोलताना ऐकलं नाही. त्यांच्या हातात गाडीचा मीटर एकदा सगळे नऊ दाखवून शून्यावर आला आणि पुन्हा पुढे निघाला, पण इंजिनचं काम काही निघालं नाही. मग गाडी माझ्याकडे आली, आणि तिच्या आयुष्यात अभ्यास शिरला.

अभ्यासाला सुरुवात झाली ती नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या एका दुकानात. काउंटरवरच्या माणसाने ‘कुठली गाडी?’ एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्याने मागे वळूनही न बघता हात मागे नेला आणि ९०० मिलीची एक बाटली माझ्यासमोर ठेवली. मला तो अपमान वाटला. मागे भिंतभर डबे होते. सोनेरी, निळे, काळे, कोणावर रेसच्या गाडीचं चित्र, कोणावर चित्ता. एवढ्या भिंतीतून माझ्या गाडीला नेमकी ही फिकट बाटलीच का, हे विचारण्याचा मला हक्क होता. मी विचारलं. तो म्हणाला, ‘हेच चालतं.’ या उत्तराने ज्याचं समाधान होतं तो माणूस सुखी असतो, आणि त्याची गाडीही.

मी घरी येऊन वाचायला बसलो. तेलाचा घट्टपणा मोजायचे आकडे अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने, एसएईने, १९११ साली ठरवायला घेतले. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जेवढा लहान, तेवढं तेल गारठ्यातही वाहतं राहतं. १०डब्ल्यूची परीक्षा उणे २५ अंशांना घेतात आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. पुण्यात पारा दहाच्या खाली उतरला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो, त्यामुळे या परीक्षेत आपलं कुठलंच तेल नापास व्हायचं नाही. दुसरा आकडा तेल १०० अंशांना तापल्यावरच्या दाटपणाचा. खरा कामाचा आकडा तो, कारण चालत्या इंजिनात तेल साधारण तेवढंच तापतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण ज्ञानाला तोंड फुटलं की ते इतिहासात घुसतं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून चक्क एरंडेल घालत, हे मला कळलं. ते इंजिनातून उडून वैमानिकाच्या तोंडावर येई आणि त्याचे जे परिणाम व्हायचे ते व्हायचेच. लहानपणी रविवारी सकाळी एरंडेल प्यायलेल्या माझ्या पिढीला त्या वैमानिकांचं शौर्य वेगळं समजावून सांगायला नको. पुढे हेही कळलं की खनिज तेलावरच भरपूर प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही ‘सिंथेटिक’ म्हणायला हरकत नाही, असा निवाडा अमेरिकेत १९९९ साली दोन तेल कंपन्यांच्या जाहिरातींच्या भांडणात झाला. पुढच्या खेपेला मी हे सगळं नाना पेठेतल्या त्या माणसाला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘घ्यायचंय का काही?’

घेतलं. २०डब्ल्यू-५० घेतलं. सगळ्यात घट्ट. आपण मराठी माणसं वस्तूचा कस दाटपणावर ठरवतो. दूध दाट, वरण दाट, तर घर खातंपितं. पातळ आमटी वाढणाऱ्या घराबद्दल आपण परतीच्या वाटेवर बोलतो. त्याच न्यायाने, इंजिनला घट्ट तेल पाजलं की ते धष्टपुष्ट होईल, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात शंभर सीसीच्या इंजिनातल्या फटी बारीक असतात आणि पंप लहान. सकाळी पहिली किक मारल्यावर तेल वर कॅमपर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो, तितका वेळ वरचे भाग कोरडेच घासतात. इंजिनची झीज होते ती बरीचशी याच वेळात. तेल जितकं दाट, तितका हा वेळ लांबतो. माझी गाडी रोज सकाळी टक-टक-टक करत उठायला लागली. वडिलांच्या काळात ती अशी कधी बोलत नसे. आवाजात एक भारदस्तपणा आलाय, असं मी सोसायटीत सांगितलं. ॲव्हरेजही उतरलं. त्याचं खापर मी पेट्रोलपंपावर फोडलं आणि पंप बदलला.

तरीही गाडी ओढेना, तेव्हा माझ्या मनात आलं की तेलात दोष नाही, ते घालणाऱ्या हातात आहे. गॅरेजवाला पोऱ्या घाईत जुनं तेल पुरतं काढतच नसणार. तेल आता घरीच बदलायचं.

घरी तेल बदलायला काय लागतं? सतरा नंबरचा पाना, नरसाळं, जुने पेपर आणि खाली धरायला पसरट भांडं. पहिल्या तीन गोष्टी माझ्याकडे होत्या. चौथी स्वयंपाकघरात होती. इंजिन पाच मिनिटं गरम करून घ्यायचं, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट खाली येतं, हे मी वाचलं होतं. गरम तेल गरम असतं, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. बोल्टचा शेवटचा आटा सुटला तशी काळी धार मनगटावरून कोपरापर्यंत आली, माझ्या हातून बोल्ट सुटला आणि परातीत बुडाला. त्याच्याबरोबरचा तो चपटा वायसरही गेला. परातीत हात घालून चाचपडत असताना मागून आवाज आला, ‘अहो, त्या परातीत मी कणीक मळते.’

‘घासून देतो,’ मी म्हणालो.

‘नको. आता तिच्यात तुम्हीच मळा.’

बोल्ट सापडला, वायसर काही सापडला नाही. नाही तर नाही, बोल्ट जास्त आवळला की झालं, असा विचार करून मी पान्याला लोखंडी पाइप जोडला. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बोल्ट पोलादाचा असतो आणि इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं. दोघांची कुस्ती लावली तर निकाल ठरलेला आहे. बोल्ट घट्ट झाला, आणखी घट्ट झाला आणि मग अचानक एकदम सैल, मवाळ, अत्यंत सहकार्याने फिरायला लागला. आटे गेले! त्या रात्री पार्किंगमध्ये माझ्या जागेवर ताटाएवढा काळा डाग पडला. सकाळी सेक्रेटरींनी त्याच्याभोवती खडूने गोल काढून माझ्या फ्लॅटचा नंबर लिहून ठेवला. मिस्त्रींनी तिथे बुश मारून नवे आटे पाडून दिले. ते काही बोलले नाहीत. पोऱ्या मात्र माझ्या मनगटावरच्या फोडाकडे बघून शिट्टी वाजवत राहिला.

आटे नवे झाल्यावर मी पुन्हा तेल भरलं, आणि या वेळी पातळी काटेकोर राखायची ठरवलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की गाडी साइड स्टँडवर लावायची आणि तेलाची काडी काढून बघायची. रोज तेल कमी दिसायचं. रोज मी थोडं घालायचो. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, काडी आहे उजव्या बाजूला, तेव्हा तेल तिकडून पळून डावीकडे जमणार आणि काडी कोरडी निघणार, हे सहावीच्या भूमितीतलं गणित आहे. मी सहावीत भूमितीला बरे मार्क मिळवले होते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करायची, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत बसवायची नाही आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायचं, एवढं ते काम. रोज करायचीही गरज नसते.

तेल कमी पडलं तर इंजिन मरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त झालं तरी ते सुखात राहत नाही, हे मला गाडीने दाखवून दिलं. क्रँक त्या वाढीव तेलात आपटत राहतो आणि त्याचा फेस करतो. फेसात हवा, आणि हवेने वंगण होत नाही. उरलेलं तेल श्वासनळीतून एअर फिल्टरकडे चढतं आणि तिथून इंजिनात जाऊन जळतं. एका सकाळी मी सोसायटीच्या गेटमधून निळसर पांढऱ्या ढगात बाहेर पडलो. वॉचमनला वाटलं डासांच्या फवारणीची गाडी आली. तळमजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, आणि दोन मुलं धुरात धावायला मागे लागली ती थेट चौकापर्यंत आली.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मला थांबू दिलं नाही ते माझ्या मेव्हण्याने. त्याच्याकडे नवी कार आहे. तिला लागतं ०डब्ल्यू-२० तेल, आणि तेही सिंथेटिक. डबा साडेतीन लिटरचा मिळतो, गाडीत साधारण तीन लिटरच्या थोडं वर जातं. दोन सर्व्हिसिंगमधलं उरलेलं तेल त्याने जपून ठेवलं होतं. एकत्र केलं तेव्हा ते जेमतेम माझ्या मोटरसायकलपुरतं भरलं. एवढं महागाचं तेल, तेही फुकट आणि तेही नेमक्या मापाचं. हा योग जुळून आल्यावर नको म्हणणारा माणूस निदान पुण्यात तरी सापडणार नाही. मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, कारचं आहे. तुमच्या गाडीला हे म्हणजे चैन.’

पुढच्या रविवारी आम्ही दोघं जेजुरीला निघालो. हडपसर ओलांडेपर्यंत गाडी लोण्यावरून चालल्यागत गेली. मी मागे वळून सौभाग्यवतींना दोनदा सांगितलं की सिंथेटिकची गोष्टच वेगळी. वडकी गाव मागे टाकलं आणि दिवे घाट लागला. पहिल्या चढाला मी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिनाचा आवाज दुप्पट झाला आणि गाडीचा वेग निम्मा. आणखी पिळला, आवाज आणखी चढला आणि वेग आणखी उतरला. मी तिसरा गिअर टाकला, दुसरा टाकला, पहिला टाकला. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि मागचं चाक त्या ओरडण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं हळूहळू फिरत होतं. जळका वास यायला लागला.

‘अहो,’ मागून आवाज आला, ‘तो मस्तानी तलाव मघापासून तिथेच आहे.’

मी खाली बघितलं. तलाव तिथेच होता. मी गाडी कडेला घेतली, क्लचची वायर सैल करून बघितली, ताणून बघितली. जेजुरीला निघालेला एक टेम्पो येळकोटाचा गजर करत गेला आणि त्यातल्या एकाने आमच्यावर भंडारा उधळला. हिने पदर झटकला, ‘मी चालत पुढे होते,’ म्हणाली आणि निघाली. मी गाडीवर बसून, एका पायाने जमीन मागे ढकलत, तिच्या मागोमाग. पहिल्या वळणापर्यंत आमच्यात वीस पावलांचं अंतर होतं. दुसऱ्या वळणानंतर ती दिसेनाशी झाली. माथ्यावर मी पोहोचलो तेव्हा ती रसवंतीच्या बाकावर बसली होती आणि तिचा उसाचा रस पिऊन झाला होता. खंडोबाला आम्ही तिथूनच हात जोडले. परतीचा सगळा उतार गाडी फार सुरेख चालली. ती पूर्ण बरी झाली, असं मी म्हणूनही बघितलं.

मिस्त्रींनी तेलाचा एक थेंब दोन बोटांत चोळला आणि वास घेतला. ‘दादा, हे कुठून आणलंत?’

‘सिंथेटिक आहे. सगळ्यात भारी.’

‘भारी आहेच की. पण कारचं आहे.’ त्यांनी पोऱ्याला क्लचकडची झाकणी उघडायला सांगितली. ‘कारचा क्लच बाहेर, कोरडा. आपल्या गाडीत इंजिन, गिअर, क्लच सगळं याच एका तेलात. कारच्या या पातळ तेलात निसरडेपणाची औषधं घालतात, पेट्रोल वाचावं म्हणून. तिथे ती लागतात. इथे क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवायचं असतं.’ त्यांनी करपून काळी पडलेली प्लेट माझ्या हातात दिली. ‘त्यांना तेल इतकं आवडलं दादा, की त्यांनी हातच सोडले.’

बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असतं ते याच कारणासाठी. मोटरसायकलच्या तेलांसाठी हे मानक जपानने १९९८ साली आणलं. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच तेलात नसतो. नाना पेठेतल्या त्या ९०० मिलीच्या फिकट बाटलीवर एमए लिहिलेलं होतं. इतिहासाच्या नादात बाटलीची मागची बाजू वाचायची राहून गेली.

मिस्त्रींनी मग सीट काढलं आणि खालच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर धरली. आत गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. तेल १०डब्ल्यू-३०, जासो एमए. दर ६००० किलोमीटरला बदला, मध्ये ३००० ला पातळी बघून भर घाला. एका पानावर सगळं आटोपलं होतं. त्या पानाच्या समासात बॉलपेनने, वडिलांच्या अक्षरात: ‘दुसरे काहीही घालू नये.’ आणि ‘काहीही’च्या खाली दोन रेघा. गाडी पुढे कोणाच्या हातात जाणार, याची त्यांना पुरती कल्पना होती.

माझ्या अभ्यासातला सगळ्यात आवडता माणूस अर्व गॉर्डन नावाचा, न्यूयॉर्ककडचा विज्ञानाचा शिक्षक. त्याने १९६६ साली एक लाल व्होल्वो घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर तीस लाख मैल, म्हणजे ४८ लाखांवर किलोमीटर पुरे केले. मी हा किस्सा सगळ्यांना सांगायचो आणि त्यावरून, तेलावर जितकी भक्ती तितकं इंजिन दीर्घायुषी, असं अनुमान काढायचो. गॉर्डन स्वतः मात्र विचारणाऱ्यांना सांगायचा की मी कंपनीच्या पुस्तकातलं वेळापत्रक पाळतो. एवढा कंटाळवाणा सल्ला मी वाचूनही सोडून दिला होता. आमच्या वडिलांनी आणि त्याने एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, पण दोघांच्या गाड्या एकाच कारणाने टिकल्या. ठरलेलं तेल, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने. हुशारीला या वाक्यात कुठे जागाच नाही, म्हणून हुशार माणसांना ते पटत नाही.

या सगळ्या प्रयोगांतून गॅलरीत काळ्या तेलाचे कॅन साठले. आजोळी असं जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून दारा-खांबांना फासायचे, म्हणून मी ते आधी दिवाणाच्या पायांना लावलं. वाळवी आली की नाही माहीत नाही. आम्ही मात्र त्या खोलीत झोपायचं सोडलं. उरलेलं मोरीत ओतणार होतो, तेव्हा मिस्त्रींनीच हात धरला. वापरलेलं तेल २०१६ च्या सरकारी नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. ते पाण्यात किंवा मातीत सोडायचं नाही, प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. त्यांच्या गॅरेजातला ड्रम तसा जातो. माझे कॅन त्यात रिकामे करताना पोऱ्या म्हणाला, ‘काका, दुकान काढलं होतं का?’

परवा मेव्हण्याचा फोन आला. मुंबईच्या रस्त्यावर होता, आवाज घाबरलेला. ‘दाजी, डॅशबोर्डवर लाल दिवा लागलाय. किटलीसारखं चित्र आहे. तुमचा अभ्यास आहे म्हणून विचारतो.’

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अभ्यासाची कोणाला तरी गरज पडली होती. ‘आधी गाडी कडेला घे आणि इंजिन बंद कर,’ मी म्हणालो. ‘तेलाचा दाब गेलाय. तो दिवा लागल्यावर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणणाऱ्याला इंजिन नवं घ्यावं लागतं. थोडा वेळ थांब आणि काडी काढून बघ.’

काडी कोरडी निघाली. वर्ष उलटून गेलं तरी सर्व्हिसिंग केलं नव्हतं. का, तर गाडी फक्त मंडईपर्यंत जाते, किलोमीटर भरतच नाहीत. मी त्याला सांगितलं की अशा छोट्या फेऱ्या उलट वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं. म्हणून तर किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाने तेल बदलायचं असतं. तो गप्प ऐकत होता. माझ्यासाठी हाही पहिलाच अनुभव.

‘बरं, डिकीत एक बाटली आहे,’ तो म्हणाला. ‘तुमच्या मोटरसायकलचं उरलेलं तेल. तुम्हीच दिलं होतंत. ओतू का?’

‘थांब! कुठलंही ओतू नकोस. समोरच्या खणात गाडीचं पुस्तक असेल. त्यात तेलाचं पान काढ आणि त्यावर लिहिलंय तेच तेल मागव.’

फोनवर बराच वेळ खडखडाट ऐकू आला. कागद, चार्जर, गॉगलची डबी. मग मेव्हण्याचा आश्चर्याने भरलेला आवाज आला:

‘दाजी, हे तर अजून सीलबंद आहे!’